हात आखडता असलेल्या माणसाने पतसंस्थेचे मुख्य पद स्वीकारावे का?

प्रश्न : निपाणी माहेर

नमस्कार. मी बेळगाव तालुक्यातील एका पतसंस्थेत शाखाधिकारी आहे. आमचे सरव्यवस्थापक मार्चअखेर निवृत्त होत असून संचालक मंडळाने त्यांच्या जागेसाठी माझे नाव पुढे केले आहे. नेमक्या याच सुमारास पुण्यातील एका खासगी वित्त कंपनीनेही मला विचारले आहे आणि तिथला पगार इथल्या नव्या पदाच्या पगाराच्या जवळजवळ दीडपट आहे. यजमानांचा छपाईचा छोटा व्यवसाय आहे, मोठी मुलगी बारावीला आहे आणि घराचे हप्ते चालू आहेत, त्यामुळे हा आकडा कानाआड करणे मला परवडणारे नाही.

तरीही माझी खरी अडचण पगाराच्या पलीकडची आहे. माझी आई निपाणीत बिड्या वळत असे. मजुरी हजार बिड्यांच्या हिशेबाने ठरलेली असे, पण माल द्यायला गेल्यावर मोजणारा माणूस त्यातल्या काही बिड्या छाट म्हणून बाजूला काढत असे आणि त्यांची मजुरी मिळत नसे. आई त्या छाटीचा आकडा रोज कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवायची. त्याचा उपयोग कधी झाला नाही, कारण तक्रार कोणाकडे करायची हेच तिला माहीत नव्हते. पण आकडा लिहिल्याशिवाय तिने चूल पेटवलेली मला आठवत नाही. पैशाविषयीचे माझे सगळे शिक्षण त्या कॅलेंडरवर झाले आहे.

त्याचा परिणाम असा, की शाखेत दिवसअखेरची रोकड जुळल्याखेरीज मी कोणालाही घरी सोडत नाही. एका नावाजलेल्या ठेकेदाराचे मोठे कर्ज कागदपत्रे अपुरी म्हणून मी परत पाठवले, तेव्हा दोन संचालक माझ्यावर नाराज झाले. उलट वडगावातील शिवणकाम करणाऱ्या बायकांना एकमेकींच्या जामीनकीवर लहान कर्जे देताना माझा हात कधी थबकला नाही आणि त्यांची थकबाकीही जवळजवळ नाही. तरी माझ्याविषयी सर्वांचे एकच मत आहे : बाई प्रामाणिक आहेत, पण हात आखडता आहे, ठेवी वाढतात, कर्जवाटप वाढत नाही, मग व्याज द्यायचे कुठून?

ही टीका अगदीच बिनबुडाची आहे असे मी म्हणणार नाही. म्हणून विचारते. माझी ही सावधगिरी मूल्यातून आलेली आहे की लहानपणीच्या भीतीतून, हे कसे ओळखावे? अशा स्वभावाच्या माणसाने संस्थेचे नेतृत्व घ्यावे का? आणि मुलीच्या शिक्षणाचा विचार करून पुण्याला जाणे ही संस्थेशी प्रतारणा ठरेल का?

उत्तर : माजी लेखापरीक्षक

ताई, आपल्या प्रश्नाचे मूळ भीती आहे की मूल्य, हा निवाडा बाहेरच्या माणसाला करता येणार नाही आणि संस्थेच्या दृष्टीने त्याला फारसे महत्त्वही नाही. ठेवीदाराला आपल्या मनाचा उगम नको असतो, त्याला मुदतीच्या दिवशी ठेव परत हवी असते.

सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात माझी नोकरी गेली. शिवणकाम करणाऱ्या बायकांमुळे किंवा भाजीवाल्यांमुळे बुडालेली पतसंस्था माझ्या पाहण्यात नाही. संस्था बुडते ती मोजक्या मोठ्या खात्यांमुळे, आणि ती खाती बहुधा संचालकांच्या नात्यागोत्यातली किंवा भागीदारीतली असतात. पहिल्या वर्षी हप्ता चुकतो. मार्च जवळ आला की थकलेले कर्ज नव्या कर्जाने भरून घेतात, म्हणजे आपल्याकडे ज्याला नवे-जुने करणे म्हणतात ते होते. कागदावर खाते नियमित दिसते, न आलेले व्याज उत्पन्नात धरले जाते, त्यावर नफा दाखवला जातो आणि त्या नफ्यातून लाभांशही वाटला जातो. लाभांश मिळाल्यामुळे सभासद सभेत टाळ्या वाजवतात. हे तीन-चार वर्षे चालू शकते. मग एके दिवशी काउंटरवर गर्दी होते.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांना ठाऊक नसते, की बँकेतील ठेवीला २०२० च्या फेब्रुवारीपासून पाच लाख रुपयांपर्यंत जे विमा संरक्षण आहे, ते नागरी सहकारी बँकांनाही लागू असले तरी पतसंस्थांना लागू नाही. कर्नाटक सहकारी संस्था कायदा, १९५९ नुसार निव्वळ नफ्यातील किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, हे खरे. पण नफाच खोटा असेल तर त्याचा चौथा हिस्साही खोटाच असतो. म्हणून पतसंस्थेत सरव्यवस्थापकाचे ‘नाही’ हेच ठेवीदाराचे खरे संरक्षण असते, आणि ते देण्याची सवय आपल्याला आहे.

आता कर्जवाटपाविषयी. आपल्यावरील टीकेत जो अंश खरा आहे तो सोडू नका. ठेवींवर व्याज द्यायचे आणि पैसा मोठ्या बँकेत कमी व्याजाने गुंतवून ठेवायचा, हे फार काळ चालत नाही. पण वाटप वाढवण्याचे दोन मार्ग असतात. एका ठेकेदाराला पन्नास लाख देता येतात किंवा पन्नास हजारांची शंभर कर्जे देता येतात. दुसऱ्या मार्गात कष्ट जास्त आहेत, कर्मचारी जास्त लागतात आणि संचालकांच्या ओळखीचा माणूस खूश होत नाही, म्हणून तो कोणाला नको असतो.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला वेगळी वाटते. आपले घराचे हप्ते चालू आहेत असे आपण लिहिले आहे. ते कर्ज कोणत्या संस्थेचे आहे? कर्मचाऱ्यांना सवलतीच्या दराने कर्ज देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि त्यात गैर काही नाही. परंतु ज्या सरव्यवस्थापकाचे घर त्याच संस्थेच्या सवलतीच्या कर्जावर उभे आहे, ज्याच्या भावाला तिथेच शिपायाची नोकरी आहे, त्याने अध्यक्षांच्या मेहुण्याचा कर्जप्रस्ताव परत पाठवावा अशी अपेक्षा करणे अवघड असते. मी पाहिलेले बहुतेक सरव्यवस्थापक सज्जन होते. त्यांच्यापैकी काहींनी चुकीच्या कागदावर सह्या केल्या त्या लोभापायी नव्हे, तर नोकरी गेली तर दुसऱ्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा हे त्यांना माहीत नव्हते म्हणून. मूल्यांविषयी आपण खूप बोलतो. राजीनामा देण्याची ऐपत अंगी आहे का, हे मात्र कोणी विचारत नाही. वर्षभराचा घरखर्च बाजूला असलेला साधारण धीराचा माणूस, गळ्यापर्यंत कर्जात असलेल्या तत्त्वनिष्ठ माणसापेक्षा जास्त वेळा ‘नाही’ म्हणू शकतो. माझ्या स्वतःच्या लेखी शेऱ्यांत जो थोडाफार कडकपणा होता, त्याच्या पाठीशी सरकारी निवृत्तिवेतन होते, हेही येथे नोंदवून ठेवतो.

उत्तर : उद्यमबाग, फौंड्री

लेखापरीक्षक साहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. पण पैसा हातातून न सोडणे म्हणजेच पैशाची जाण, हे आपल्याकडे फार लवकर मान्य केले जाते, आणि ताईंनीही ते मान्य करून टाकले आहे असे मला वाटते.

मी पंप आणि व्हॉल्व्हसाठी लागणारी कास्टिंग, म्हणजे धातूचे ओतीव भाग, काढतो. आमच्या धंद्यात मालकाची परीक्षा फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या, टेबलापाशी होते. कास्टिंग घासताना कधी कधी आत अडकलेल्या वायूने पडलेले भोक उघडे पडते, त्याला आम्ही ब्लोहोल म्हणतो. ते पुटीने भरून, घासून, वरून प्रायमर मारला तर माल बिनबोभाट गाडीत चढतो आणि गिऱ्हाइकाच्या मशीनवर टूल लागेपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. ते कास्टिंग भंगारात टाकले तर धातू पुन्हा भट्टीत जातो, पण वीज, वाळू, मजुरी आणि त्या पाळीचा वेळ बुडतो तो बुडतोच. त्या वेळी ग्राइंडर हातात धरलेला माणूस काही बोलत नाही, फक्त माझ्या तोंडाकडे बघतो. मी ‘भर’ म्हटले तर पुढच्या वेळी तो मला विचारणारही नाही, स्वतःच भरेल. आणि एका महिन्यात साऱ्या शॉपला कळते की या कारखान्यात काय चालते. वरून पाहिले तर भोक भरणारा मालक काटकसरी आणि माल टाकून देणारा उधळ्या वाटतो. प्रत्यक्षात पहिल्याने वर्षाचे गिऱ्हाईक एका कास्टिंगच्या किमतीत विकलेले असते.

म्हणजे कुठे सोडायचे आणि कुठे धरायचे, यात माणसाची मूल्ये दिसतात. मजुरांचा पगार सात तारखेच्या आत झाला पाहिजे असे कायदा म्हणतो. लहान उद्योगाचे पैसे मोठ्या खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असेही २००६ चा कायदा म्हणतो, आणि आता तर मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात दाखवता येत नाही. तरी मोठी गिऱ्हाइके तीन-तीन महिने लावतात आणि कायद्यावर बोट ठेवले तर पुढची ऑर्डर दुसऱ्याला जाते, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. माझ्यापुरता मी यावर एकच उपाय केला आहे. एका महिन्याचा पगार आणि हेस्कॉमचे एक वीजबिल एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवलेली असते आणि नवे मशीन घ्यायलाही मी तिला हात लावत नाही. त्या रकमेमुळे खर्चाच्या खाली भाव मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘जमणार नाही’ म्हणता येते. साहेब ज्याला राजीनाम्याची ऐपत म्हणतात, त्याचेच हे कारखानदारी रूप आहे.

ताई, एक गोष्ट स्पष्ट लिहितो, राग मानू नये. रोकड जुळेपर्यंत आपण कोणालाही घरी सोडत नाही, असे आपण अभिमानाने लिहिले आहे. त्या थांबलेल्या तासाचे पैसे कारकुनांना मिळतात का? मिळत नसतील, तर तीही एक प्रकारची छाटच झाली, आणि मोजणारे माणूस आता आपण आहात.

उत्तर : शहापूर पिग्मी

मी या क्षेत्रातला सर्वांत खालचा माणूस आहे, तरी लिहितो. रोज दुपारी चारनंतर मशीन घेऊन मी शहापूर, खडेबाजार आणि गणपत गल्लीत पिग्मी, म्हणजे दुकानदारांची रोजची छोटी बचत, गोळा करतो. सिंडिकेट बँकेने १९२८ साली दोन-दोन आण्यांची ही पद्धत सुरू केली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत गेली, पण आपल्या भागातल्या पतसंस्था अजून पिग्मीवर चालतात.

पानवाला मला पन्नास रुपये देतो तेव्हा तो संस्थेच्या नावावर देत नाही, माझ्या तोंडावर देतो. मागे एका संस्थेत पैसे अडकले, तेव्हा संचालक गाडीतून ये-जा करत होते आणि लोक गल्लीत माझ्यासारख्याच एका एजंटाला अडवत होते. सरव्यवस्थापक होणाऱ्या माणसाने पद घेण्यापूर्वी एकदा संध्याकाळी एखाद्या एजंटाबरोबर फिरावे, एवढीच माझी सूचना आहे. कर्ज कोणाला द्यावे याचीही निम्मी माहिती तिथेच मिळेल, कारण कोणाचे दुकान चालते आणि कोण नुसते शटर उघडून बसतो, हे आम्हाला रोज दिसते.

उत्तर : खानापूर रोड, शिक्षक

चर्चा चांगली चालली आहे. मी तिला थोडी मागची बाजू जोडू इच्छितो, कारण ताईंच्या मनातील ‘प्रतारणा’ ही भावना आकाशातून पडलेली नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने आगरकरांनी आईला लिहिलेल्या पत्राविषयी ऐकलेले असते. मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे, आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा धरू नकोस. पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी सर्व वेळ परहितासाठी घालवणार आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. त्याच परंपरेतून १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली, तिचे आजीव सदस्य अल्प वेतनावर वीस-वीस वर्षे शिकवत राहिले, आणि तोच आदर्श समोर ठेवून १९१६ साली बेळगावात सात शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी म्हणजे आजची केएलई सुरू केली. हुदलीचे गंगाधरराव देशपांडे तर सधन वतनदार घराण्यातले. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसची, म्हणजे गांधीजी अध्यक्ष असलेल्या एकमेव अधिवेशनाची, सारी जुळवाजुळव त्यांनी केली आणि पुढे ते खादीच्या कामात बुडून गेले. त्या अधिवेशनाच्या पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला जास्त पगाराची नोकरी घेताना अपराधी वाटणे स्वाभाविक आहे.

परंतु या थोरांच्या त्यागाची गोष्ट सांगताना त्यांच्या हिशेबीपणाची गोष्ट आपण गाळतो. आगरकर १८९५ साली अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, तेव्हा आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी वेगळ्या पुडीत बांधून ठेवलेले आढळले, असे सांगतात. आपल्यामागे कोणावर ओझे पडू नये, एवढा काटेकोरपणा त्या माणसाकडे होता. ताईंच्या माहेराशी जोडलेले उदाहरण तर आणखी जवळचे आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत मोठ्या पगारावर होते. ती नोकरी सोडून त्यांनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि स्वतः शेती करून पिकाच्या खर्चाचा हिशेब मांडला. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी महामार्गावर ठाण मांडले, ते त्यांच्या नेतृत्वाखाली. त्यांच्या भाषणांतली ताकद त्या हिशेबात होती. शेतकऱ्याला त्यांनी नुसते ‘तुझ्यावर अन्याय होतो’ असे सांगितले नाही. अन्याय किती रुपयांचा होतो ते आकड्यांत मांडून दाखवले.

ताईंच्या आईकडेही आकडा होता. तो घेऊन उभे राहायला जागा नव्हती. सरव्यवस्थापकाची खुर्ची ही तशी जागा आहे, एवढे मी म्हणेन. ती घ्यावी की नाही, हे घरची गणिते पाहून त्यांनीच ठरवावे.

उत्तर : सध्या बेंगळुरू

सरांचा आदर राखून लिहिते. थोरांची नावे निघाली की पगाराचा विषय मागे पडतो, आणि अनुभव असा की बाईच्या बाबतीत तो जरा जास्तच लवकर मागे पडतो. माझ्या कार्यालयात पुरुष सहकारी नोकरी बदलतो तेव्हा त्याला कोणी ‘प्रतारणा’ शब्द वापरत नाही, त्याचे पेढे खातात.

ताई, इथले पद घ्यायचे असेल तर पगार वाढवून मागा आणि तो मागताना संकोच करू नका. ज्या खुर्चीकडे कोट्यवधींच्या ठेवींची जबाबदारी आहे तिचा पगार फार कमी असेल, तर त्या खुर्चीत बसणाऱ्याने दुसरीकडून भर काढावी अशी अलिखित सोय केलेली असते. कमी पगार हे संस्थेच्या साधेपणाचे लक्षण आहे, असे मी तरी मानत नाही.

पुण्याची नोकरी घ्यायची असेल तर एवढे विचारून घ्या, की तुमचा वार्षिक बोनस कर्जवाटपावर ठरणार आहे की वसुलीवर, आणि वसुलीच्या माणसांवर देखरेख कोणाची असेल. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. हा नियम ते पाळतात का, हे कंपनीतल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला विचारा, मनुष्यबळ विभागाला नको. उत्तर समाधानकारक आले तर खुशाल पुण्याला जा. तिथेही शिवणकाम करणाऱ्या बायका आहेत, त्यांनाही कर्ज लागते आणि त्यांनाही तुमच्यासारखा अधिकारी मिळाला तर बरेच होईल.

एक व्यावहारिक मुद्दा कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. तुम्हाला सहकार खात्याचा कन्नड पत्रव्यवहार आणि मराठी सभासदांशी बोलणे, दोन्ही जमत असणार. इथे त्या गुणाला किंमत आहे, पुण्यात तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. वाटाघाटीला बसताना तो मोजायला विसरू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर : निपाणी माहेर

सर्वांचे आभार. एकेका मुद्द्यावर थोडे थोडे लिहिते.

लेखापरीक्षक साहेबांनी अचूक जागी बोट ठेवले. घराचे कर्ज आमच्याच संस्थेचे आहे, कर्मचारी सवलतीच्या दराने. नोकरी सोडल्यास तो दर बंद होऊन सर्वसाधारण दर लागू होईल, असे करारात आहे. काल रात्री यजमानांबरोबर बसून हिशेब केला. राष्ट्रीयीकृत बँकेकडे कर्ज हलवले तर हप्ता थोडा वाढतो, पण दागिन्यांपैकी काही मोडून मुद्दल कमी केले तर तो पूर्वीइतकाच राहतो. दागिने मोडायला सासूबाई आधी तयार नव्हत्या. ज्या माणसांचे मी कर्ज नाकारणार आहे त्यांच्याच संस्थेकडे आपले घर तारण आहे, असे सांगितल्यावर त्यांनीच पाटल्या काढून दिल्या आणि बांगड्यांना मात्र हात लावायचा नाही, अशी अट घातली. पद स्वीकारायचे झाल्यास हे कर्ज आधी हलवायचे, एवढे आमचे ठरले आहे.

फौंड्रीवाल्या भाऊंचे वाक्य लागले, पण त्यात तथ्य आहे. रोकड न जुळता तिजोरीला कुलूप लावणे मला आजही मान्य नाही आणि पुढेही असणार नाही. थांबलेल्या वेळेचा भत्ता मात्र संस्थेने दिलाच पाहिजे. शिवाय रोकड रोज उशिरा का जुळते याचा शोध घेतला, तर पिग्मी एजंटांचा भरणा साडेसहानंतर एकदम येतो, हे कारण निघते. तो दोन टप्प्यांत घेतला तर कारकुनांना थांबावे लागणार नाही. शहापूरच्या भाऊंनी सुचवल्याप्रमाणे आमच्या एजंटाबरोबर फिरायचे मी ठरवले आहे, तेव्हा भरण्याच्या वेळेचेही बघेन.

सरांनी आईच्या आकड्याविषयी जे लिहिले ते मी तिला फोनवर वाचून दाखवले. ‘त्या छाटीच्या बिड्या ते नंतर विकायचेच की,’ एवढेच ती म्हणाली.

बेंगळुरूच्या ताईंचा सल्ला मानून मी पुण्याच्या कंपनीला बोनसविषयी विचारले. तो पूर्णपणे वाटपावर आहे, असे उत्तर आले. त्यामुळे त्या पगारातला बराचसा भाग मला न पटणाऱ्या वेगाने कर्ज वाटल्यावरच हातात पडणार, हे स्पष्ट झाले. ठरलेला पगार तेवढा धरला तर फरक दीडपटीचा राहत नाही. पुण्यातले घरभाडे वजा केल्यावर तो आणखी आटतो. म्हणून आता मी आमच्या मंडळापुढे तीन गोष्टी मांडणार आहे : पगारात वाढ, थांबलेल्या वेळेचा भत्ता, आणि संचालक किंवा त्यांच्या नातेवाइकांशी संबंधित प्रत्येक कर्जप्रस्तावावर सरव्यवस्थापकाचे लेखी मत इतिवृत्तात नोंदवण्याची सक्ती. पहिल्या दोन गोष्टींवर घासाघीस करायला मी तयार आहे. तिसरी नाकारली, तर आहे त्याच शाखेत शाखाधिकारी म्हणून राहीन.

साहेब, आपल्याला एक विचारायचे आहे. ही तिसरी गोष्ट माझ्या नेमणूकपत्रात घालून घ्यावी की पोटनियमात, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमावलीत?

उत्तर : माजी लेखापरीक्षक

नेमणूकपत्रातील अट आपल्यापुरती असते, आपण गेलात की तीही जाते. पोटनियम दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि त्यानंतर सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदणी लागते, त्यात वेळ जाईल आणि मार्च उलटेल. मधला मार्ग असा, की संस्थेच्या कर्ज धोरणात ही तरतूद घालणारा ठराव नेमणुकीच्या ठरावापूर्वी, त्याच सभेत मंजूर करून घ्यावा. क्रम उलटा होऊ देऊ नये. संबंधित संचालकाने अशा प्रस्तावाच्या चर्चेच्या वेळी सभेतून बाहेर जावे, हे वाक्यही त्यातच घालावे, आणि कोण बाहेर गेले याची नोंद नावासह व्हावी. पोटनियम दुरुस्तीचा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या नोटिशीत घ्यायला लावावा. इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय आपले स्वीकृतिपत्र देऊ नये. मसुदा पाठवलात तर पाहून देईन. कन्नडमधला असला तरी हरकत नाही.